कोयीचा आंबा आणि ‘रायवळ’ नावाचा गुंता

मे महिना सरत आला की एक निरोप मोबाइलवर फिरू लागतो. आंबा खाऊन कोय फेकू नका, धुऊन वाळवा, पिशवीत भरून ठेवा आणि पावसाळ्यात गाडीतून जाताना रस्त्याच्या कडेला टाका. त्यामागची कळकळ खरी आहे. पण आंब्याची कोय हे ज्वारी-बाजरीसारखं साठवणीचं बी नव्हे. आतला गर सुकला की कोंब मरतो, आणि फळातून निघालेल्या कोयीची उगवण काही आठवड्यांतच झपाट्याने घसरते. पिढ्यानपिढ्या परसात आंबे लावणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही, कारण त्यांनी कोय कधी वाळवलीच नाही. रस काढून झाला की कोयी उकिरड्याच्या कडेला पडत आणि मृगाच्या पावसात फुटत. तांबूस, मऊ, खाली लोंबणारी पानं दिसू लागली की पोरं काही रोपं उपटून कोय दगडावर घासत आणि तिची पिपाणी करत. उरलेल्यांतलं एखादं कुणीतरी मुळासकट उचलून गडग्याजवळ लावत असे. घरी कोयीपासून आंबा वाढवणं म्हणतात ते इतकंच होतं.

कलम येण्याआधी आंबा म्हणजे कोयीचाच आंबा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, मराठी राज्यकारभारावरच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाबद्दल सांगताना आंब्या-फणसाला हात लावू देऊ नये असं बजावलं आहे. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, हे त्याचं कारण. ती झाडं बहुतांशी कोयीचीच असणार. गोव्यात मात्र तोवर कलमाची रीत रुळलेली होती. १५१० मध्ये पोर्तुगीज तिथे स्थिरावले आणि पुढे त्यांच्या धर्मगुरूंनी आंब्याची कलमं बांधण्यावर मेहनत घेतली. हापूस, मानकुराद, मुसराद, फर्नांदिन ही नावं त्याच मेहनतीची खूण आहेत. पण यांतल्या प्रत्येकाचं पहिलं झाड कुठल्या ना कुठल्या कोयीतूनच वर आलेलं होतं, ही गोष्ट सांगायची राहून जाते. कलमाने जुन्या जाती टिकतात. त्या जन्मल्या त्या कोयीतून. लखनऊजवळ दशहरी गावात दशहरीचं मूळ झाड आजही दाखवतात, तेही असंच उगवलेलं.

पुढची तीनेक शतकं कलम म्हणजे भेट कलम. मातृवृक्षाच्या फांदीशेजारी कुंडीतलं रोप टांगायचं किंवा माचावर ठेवायचं, दोघांच्या साली तासून एकमेकींना भिडवून बांधायच्या आणि दोन-तीन महिने त्या रोपाला झाडावरच पाणी घालत राहायचं. एका झाडावर अशी किती रोपं टांगणार? त्यामुळे कलम महाग होतं आणि खोत-इनामदारांच्या बागांपलीकडे फारसं जात नव्हतं. बाकी गाव कोयीच्या आंब्यावरच होता: लोणचं, साटं, आमसुलाच्या जागी कैरी, आणि पावसाळ्याच्या तोंडाला बाठ्यांचं सासव.

हे बदललं ते १९७० नंतर, कोय कलमाने. कोकणातल्या संशोधकांनी ही पद्धत बसवली आणि रोपवाटिकांनी ती उचलली. ज्यांनी ती जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण घरी कोय रुजवणाऱ्याच्या हाती कलमाचं अर्धं काम आधीच असतं. जूनमध्ये ताज्या कोयी गादीवाफ्यात रुजत घालतात. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. त्याचा देठ तांब्याच्या तारेच्या रंगाचा आणि पानं अजून हिरवी झालेली नसतात, तेव्हाच तो कोयीपासून चार बोटं ठेवून छाटायचा आणि मधोमध चिरायचा. हापूसची पेन्सिलीएवढी काडी, जिची पानं आठ-दहा दिवस आधी कापून डोळा फुगवलेला असतो, ती पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची. प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. कोय अजून खाली लटकलेलीच असते आणि तिच्यातल्या गरावर हे नवं रोप तग धरतं. कसलेला माळी दिवसाला शेकडो कलमं बांधतो. जुलै-ऑगस्टमधली कोकणातली दमट हवा तर यासाठीच आहे असं वाटावं.

मग १९९०-९१ मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. खड्ड्यापासून कलमापर्यंतचा खर्च सरकारने उचलला आणि वरकस डोंगरउतारांवर हापूसच्या ओळी उभ्या राहिल्या. कोकणातल्या कितीतरी घरांत त्यामुळे पैसा आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षांत उतारावरचे जुने आंबे तुटले. आंबा १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे आणि तोडायला परवानगी लागते, तरी तुटले. हापूस मुंबईला जाई त्या लाकडी पेट्यांच्या फळ्याही पुष्कळदा त्याच झाडांच्या असत. या सगळ्या झाडांना एकच नाव होतं, रायवळ. आणि माझ्या मते त्यांचा घात निम्मा त्या नावानेच केला.

रायवळ ही जात नव्हे. तरी रोपवाटिकेच्या माहितीपत्रकात ‘रायवळ जातीच्या कोयी वापराव्यात’ असं सर्रास छापलेलं असतं. बाजारात रायवळ म्हणजे टोपलीतले लहान, धागे असलेले, चोखून खायचे आंबे. गावात रायवळ म्हणजे कलम नसलेला कुठलाही आंबा. देशावर त्यालाच गावरान म्हणतात. म्हणजे एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतो: झाड कसं वाढवलं, फळ कसं आहे आणि त्याला भाव किती. त्याच्या समोर उभा केलेला शब्द आहे ‘कलमी’, आणि जुन्या बोलण्यात कलमी म्हणजे बहुधा हापूसच. वास्तविक कलम ही रीत आहे आणि हापूस ही जात. हापूसची कोय लावून वाढलेलं झाड रीतीने रायवळ झालं, आई हापूस असली तरी. उलट, एखाद्या उत्तम रायवळ झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधली तर तयार होतं ते कलम. पण त्याला कलमी म्हणायला जीभ रेटत नाही, ते रायवळच राहतं आणि रायवळच्याच भावाने विकलं जातं.

आमच्या घरामागे शेप्या होता. पिकलं फळ फोडलं की शेपूच्या भाजीचा वास येई, म्हणून शेप्या. वाडीत शेंदऱ्या होता, साखऱ्या होता, खोबऱ्या होता. यांतलं प्रत्येक नाव एकाच झाडाचं असे. झाड गेलं की नाव गेलं, चव गेली, आणि ती परत आणायचा मार्ग उरला नाही, कारण काडी घेऊन ठेवावी एवढी किंमत त्याला कुणी दिलीच नव्हती. जात म्हणून नोंद नाही म्हणून जपणूक नाही, आणि जपणूक नाही म्हणून नोंद नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये झाला. शेतकऱ्याने जपलेला वाण त्याच्या नावावर नोंदवण्याची सोय त्यात आहे. परसातल्या एका झाडापासून ती सुरू होऊ शकते, फक्त त्या झाडाला रायवळ यापलीकडे स्वतःचं नाव हवं.

‘हापूसची कोय लावली तर हापूस येतो का?’ हा प्रश्न याच गुंत्यातून येतो. हापूस, केसर, दशहरी, लंगडा या आपल्याकडच्या जातींच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीकरणातून तयार होतो. बाप कोण हे मधमाश्या-माश्यांनाच ठाऊक. म्हणून रोप आईसारखं निघत नाही. थोडं तिच्यासारखं, थोडं दुसऱ्याच कुणासारखं. आग्नेय आशियातल्या पुष्कळ जातींत आणि आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या ओलूर, कुरुक्कन, वेल्लैकोलंबन अशा काहींत एका कोयीतून अनेक कोंब फुटतात. त्यांतले बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेले असतात, त्यामुळे फळही आईचंच मिळतं. फिलिपिन्समध्ये कोयीवरून बाग लावता आली आणि आपल्याकडे कलमाशिवाय जात टिकली नाही, त्याचं मूळ इथे आहे. आपल्या माणसांची आळस-हुशारी त्यात कुठेच नाही. घरी कोय लावलीत आणि दोन-तीन कोंब वर आले, तर एकच ठेवून बाकीचे उपटण्याआधी थांबा. त्यांतला एखादा परागीकरणातून झालेला असू शकतो आणि बाकीचे आईसारखे.

कोयीतून काय निघू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच बंदरातून गेलेलं आहे. १८८९ मध्ये मुंबईहून मलगोबा जातीची कलमं अमेरिकेत फ्लोरिडाला पाठवली गेली. थंडीच्या कडाक्यातून एक झाड वाचलं आणि फळलं. त्याच्या कोयी एका निवृत्त लष्करी गृहस्थाने १९०२ मध्ये आपल्या घरच्या बागेत लावल्या. १९१० मध्ये त्यांतल्या एका झाडाला लालसर गालाची, टिकाऊ फळं लागली. तो हेडन आंबा. पुढे त्याच्याच वंशातून टॉमी ॲटकिन्स आला, आणि परदेशातल्या दुकानात मराठी माणूस जो लाल-हिरवा आंबा बघून नाक मुरडतो, तो पुष्कळदा हाच. चवीला हापूसपुढे तो काहीच नाही, पण जगभरच्या व्यापाराची दिशा घरच्या बागेतल्या एका कोयीने बदलली, हेही तितकंच खरं.

इकडे कोकणात शतकाच्या अखेरीस प्रवास नेमका उलट झाला. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये रत्ना आला. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये सिंधू प्रसारित झाला. त्याची कोय इतकी पातळ असते की फळ जवळजवळ सगळं गरच. खाणाऱ्याला ते सोयीचं आहे. हापूसमधल्या साक्यामागेही, म्हणजे पिकल्या गरात निघणाऱ्या पांढुरक्या, आंबट भागामागेही, फळ झाडावर असतानाच कोय रुजण्याच्या तयारीला लागते हे कारण असल्याचं संशोधनातून पुढे आलं आहे, म्हणून कोय नको असं वाटणं समजण्यासारखं आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. नाव कुठल्या गावाचं लागावं यावर त्याआधी बरीच वर्षं वाद चालला. त्या वादात कोयीचा विषय नव्हताच, कारण मानांकनाचं नाव चालतं ते काडीबरोबर.

पण त्या पाचही जिल्ह्यांतलं हापूसचं प्रत्येक कलम जमिनीखाली रायवळच आहे. कातळात सोटमूळ घालणारं, मे महिन्यातल्या उन्हात पाणी शोधणारं मूळ कोयीचं. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात म्हणूनच पिशवीतलं कलम आणून लावण्याऐवजी खड्ड्यातच कोय रुजवून जागेवर कलम बांधायला सांगतात. पिशवीत गुंडाळी झालेलं मूळ तिथे तग धरत नाही.

आता शहरात गच्चीवर, निळ्या पिंपांत कोयी रुजवणारे बरेच दिसतात. त्यांच्यापुढे वाटा दोन. झाड तसंच वाढू दिलं तर फळाला सहा-सात वर्षं, कधी दहाही लागतात, आणि फळ कसं निघेल ते तेव्हाच कळतं. त्याच रोपावर ओळखीच्या झाडाची काडी पाचर कलमाने बांधली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहोर दिसतो. ओळखीचं झाड म्हणजे हापूसच असायला हवं असं नाही. गावच्या घरामागे एखादा साखऱ्या अजून उभा असेल, तर त्याची तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवसापर्यंत शहरात पोचते.