जकात पगारावर नसते

'पगाराचे अडीच टक्के रमजानात दिले की झाली जकात' हा समज कोल्हापुरात अजून टिकून आहे. जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, लागते साठलेल्या संपत्तीवर, तीही निसाबच्या (ठरलेल्या किमान मर्यादेच्या) वर असून चांद्र वर्ष उलटल्यावर. महिना कुठलाही असो. रोकड आणि दागिने दोन्ही असतील तर हनफी (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेच्या) हिशेबात निसाब ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढा. गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, त्या दिवसाचा भाव धरा. विक्रीचा माल जोडा, देणी वजा करा. राहतं घर, दुचाकी, कारागिराची हत्यारं सोडा. उरले ४ लाख, तर अडीच टक्क्यांनी जकात १०,००० रुपये. गफलत होते दागिन्यांत: अंगावरचेही मोजायचे, घडणावळ सोडून.

ही मेहेरबानी नव्हे. लोभ धुऊन निघावा आणि पैसा गरजूंपर्यंत फिरावा, यासाठी कुराणाने (९:६०) गरीब, कर्जबाजारी, वाटसरू असे आठ हक्कदार ठरवलेत. आई-वडील, मुलांना ती चालत नाही. त्यांना पोसणं तसंही कर्तव्यच. गरजू भावाला चालते.