स्काउट-गाइडला स्कीइंग शिकायचंय? विदर्भातल्या पालकांसाठी आणि युनिट लीडरसाठी अर्जाची माहिती

आधी एक गैरसमज काढून टाकू. बर्फावरचं स्कीइंग शिकायला ओळख लागत नाही, शहरातली शाळा लागत नाही, आणि आधी बर्फ पाहिलेला असावा अशी अट तर कुठेच नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यामुळे ‘आपल्या पोरांना हे जमणार का’ हा प्रश्न आता विचारूच नये. जमतं. अडतं ते कागदांपाशी. गावात थंडी पडली की डिसेंबरात स्कीइंगची आठवण होते, तोवर सोयीच्या तारखांच्या जागा भरलेल्या असतात. म्हणून पोळा झाला की कामाला लागा.

अर्ज कुठे करायचा

देशात स्कीइंगचे कोर्स सरकारी संस्थांमध्ये होतात आणि खासगी संस्थांमध्येही. पहिल्यांदा जाणाऱ्या शाळकरी मुलासाठी सरकारी संस्थाच बऱ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षक, साहित्य, राहणं, जेवण सगळं एका छताखाली असतं आणि प्रमाणपत्राला पुढे किंमत राहते.

गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था १९६८ पासून चालू आहे आणि ती केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाखाली येते. पहलगामची जवाहर गिर्यारोहण व हिवाळी क्रीडा संस्था संरक्षण मंत्रालय आणि जम्मू-काश्मीर सरकार मिळून चालवतात. मनालीला अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था आहे, तिचे बर्फावरचे वर्ग सोलंगला भरतात. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम कोर्स घेतं. हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, तोही त्या वर्षी बर्फ किती पडतो त्यावर.

वेळापत्रक आणि फॉर्म प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात. ‘आमच्यामार्फत भरा, सीट पक्की’ असं सांगणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. सेतू केंद्रात बसून फॉर्म भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल पालकांचाच टाका. पुढचे सगळे निरोप त्यावरच येतात आणि केंद्रवाल्याचा नंबर टाकलेला असेल तर ते तुमच्यापर्यंत पोहोचतीलच असं नाही.

उताराचं की सपाटीचं

स्कीइंगचे दोन मोठे प्रकार, आणि फॉर्म भरण्याआधी मुलाला काय शिकायचंय हे ठरलेलं हवं. उतारावरच्या स्कीइंगला अल्पाइन म्हणतात. त्यात जाड, कडक बूट टाचेसकट पट्टीला, म्हणजे पायाखालच्या लांब स्कीला, घट्ट बसतो. क्रॉस कंट्री म्हणजे सपाटीवर आणि चढ-उतारांवर लांब अंतर कापायचं. त्यात पट्टी अरुंद, बूट हलका, फक्त पुढचा पंजा अडकवलेला आणि टाच मोकळी. आपल्याकडचे बहुतेक बेसिक कोर्स अल्पाइनचे असतात. क्रॉस कंट्रीच हवं असेल तर पैसे भरायच्या आधी संस्थेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

अमेरिकेतल्या स्काउटना ‘स्नो स्पोर्ट्स’ नावाचा मेरिट बॅज मिळवता येतो. उतारावरचं स्कीइंग, क्रॉस कंट्री, स्नोबोर्ड आणि बर्फात चालायच्या जाळीच्या चपला, या चारांतला एक मार्ग निवडायचा. त्यांच्या अभ्यासक्रमात मला आवडलेली गोष्ट अशी की घसरण्याच्या आधी प्रथमोपचार येतात: थंडीने बोटं बधिर होऊन मरणं, शरीराचं तापमान उतरणं, मोच, हाड मोडणं. आपल्या द्वितीय आणि तृतीय सोपानातलं (स्काउट-गाइडच्या परीक्षांच्या पायऱ्यांतलं) प्रथमोपचाराचं काम मनापासून केलेल्या मुलाची ही अर्धी तयारी झालेलीच असते.

पात्रता

स्काउट-गाइड विभागात वयाची दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं येतात. पण स्की संस्थांची वयोमर्यादा वेगळी असते आणि कोर्सगणिक बदलते. वय कोर्स सुरू होण्याच्या तारखेला मोजतात का ते माहितीपत्रकात नीट वाचा. बेसिक झाल्याशिवाय इंटरमिजिएट नाही, आणि ते झाल्याशिवाय अॅडव्हान्स नाही, हा क्रम साधारण सगळीकडे पाळतात.

स्काउट म्हणून, म्हणजे युनिटच्या नावाने जायचं असेल तर चालू वर्षाची नोंदणी झालेली हवी आणि भारत स्काउट्स आणि गाइड्सचा ओळख क्रमांक हाताशी हवा. अर्ज युनिट लीडर, मुख्याध्यापक आणि जिल्हा कार्यालय अशा वाटेने जातो. जिल्हा संघटकांकडून राज्याबाहेर जाण्याची परवानगी लेखी घ्या. फोनवरचं ‘हो, जा’ पुरत नाही. ज्यांना ही वाट लांब वाटते त्यांनी मुलाला वैयक्तिक उमेदवार म्हणून पाठवावं, संस्थेला त्याने फरक पडत नाही. आणि ज्या मुलाने अजून घराबाहेर रात्र काढलेली नाही, त्याला आधी पचमढीला संघटनेच्या राष्ट्रीय साहस संस्थेच्या शिबिराला पाठवा. छिंदवाड्यावरून रस्ता आहे, नागपूरपासून फार लांब नाही, आणि पोराचा दम तिथे कळतो.

दहावी-बारावीच्या मुलांना मात्र नका पाठवू. बोर्डाची परीक्षा नेमकी फेब्रुवारी-मार्चात येते. आठवी, नववी आणि अकरावी ही वर्षं योग्य.

कागदपत्रे

यादी साधी आहे: आधार, जन्म दाखला किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, बोनाफाईड, पासपोर्ट आकाराचे फोटो, पालकांचं संमतीपत्र, जोखीमपत्र (धोक्याची जाणीव आहे असं पालकांनी लिहून दिलेलं), वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि संस्थेने मागितला असेल तर अपघात विमा. स्काउट असल्याचं प्रमाणपत्र वर जोडा.

घोळ होतो तो नावात. दाखल-खारीजवर ‘गजानन’, आधारवर ‘गजाननराव’, आणि बोनाफाईडवर गुरुजींनी घाईत वडिलांचं नावच गाळलेलं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. तिन्ही कागदांवर नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. नसेल तर आधारची दुरुस्ती आधी करा, कारण विमा आणि रेल्वेचं तिकीट दोन्ही त्यावरच निघतात. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेही त्याच फेरीत उरकून घ्या.

जोखीमपत्रासाठी लगेच स्टॅम्पवेंडरकडे पळू नका. संस्थेच्या नमुन्यात स्टॅम्प पेपर लिहिलेला असेल तरच तो घ्यायचा. नाहीतर साध्या कागदावर, आई किंवा वडिलांची सही आणि दोन साक्षीदार एवढं भागतं. आजोबांची किंवा मामाची सही पालक म्हणून चालत नाही. मूल मामाकडे राहून शिकत असलं तरी नाही.

वैद्यकीय पान

या पानावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्या भागात हेच पान सगळ्यात हलक्यात घेतलं जातं. ओळखीच्या डॉक्टरकडून शिक्का मारून आणायचा आणि झालं. असं करू नका.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे आणि विदर्भातल्या बहुतेक मुलांनी त्याहून उंच ठिकाण पाहिलेलं नसतं. गुलमर्गचं मैदान २६०० मीटरच्या वर आहे आणि तिथला गोंडोला (तारेवरून चालणारा पाळणा) त्याहून खूप वर नेतो. साधारण २५०० मीटरनंतर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. आता यात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, मिळवा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडे सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक (आजार नाही, पण त्याचा गुण अंगात आहे असे) आहेत, आणि वाहक मूल दिसायला ठणठणीत असतं. कबड्डी खेळतं, धावतं, कधी दवाखान्यात गेलेलं नसतं. पण उंचीवर प्राणवायू कमी, पाणी कमी पिलेलं, त्यात दिवसभराची मेहनत, अशा वेळी वाहकाच्याही प्लीहेला (पोटात डावीकडे असलेल्या अवयवाला) रक्त कमी पडून डाव्या बरगडीखाली जीवघेणं दुखू शकतं. सिकलसेलग्रस्त मुलाला तर त्या उंचीवर आणि थंडीत पाठवूच नये.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्या, ती मोफत आहे. पहिली चाचणी सकारात्मक आली तर पुढची तपासणी होऊन मूल वाहक आहे की ग्रस्त हे कळतं. वाहक निघालं तर जिल्हा रुग्णालयातल्या फिजिशियनला ‘मूल २६०० मीटरच्या वर बर्फात मेहनतीचा खेळ शिकायला जाणार आहे’ असं स्पष्ट सांगून सल्ला घ्या आणि मगच अर्ज करायचा की नाही ते ठरवा. त्यानंतर हिमोग्लोबिन, रक्तगट, दमा, फिट्स, जुनं फ्रॅक्चर. दमा लपवला की संस्थेच्या डॉक्टरला तो बर्फात कळतो. प्रमाणपत्र एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरचं, नोंदणी क्रमांकासह. तारीख जुनी चालत नाही, म्हणून तपासण्या लवकर आणि प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी.

उंची, वजन आणि पायाचं माप

फॉर्ममध्ये हे तीन रकाने असतात आणि लोक ते अंदाजे भरतात. यातला प्रत्येक आकडा कामाचा आहे. मूल पडलं की पट्टी बुटापासून आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. ती किती जोरावर सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि मुलाचं कौशल्य पाहून लावतात. पोरगं अंगाने दिसावं म्हणून पाच किलो वाढवून लिहिले तर पट्टी सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही. क्रॉस कंट्रीची पट्टीही वजन पाहूनच निवडतात.

स्की-बुटाचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो. बाटाचा सहा नंबर तिथे कामाचा नाही. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पातळ मोजा घालून मुलाला भिंतीला टाच लावून कोऱ्या कागदावर उभं करा. पूर्ण वजन त्या पायावर आल्यावर अंगठ्याच्या पुढे पेन्सिलने रेघ मारा आणि फूटपट्टीने मोजा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं येईल ते लिहा. २४.५ आलं तर २४.५ लिहायचं, २५ करायचं नाही. बूट सैल असला की पाय आत हलतो आणि पट्टी ऐकत नाही.

पैसे

सरकारी कोर्सचं शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी असतं, पण प्रवास आणि कपडे धरले की शेतकरी घराला ते जाणवतंच. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास हातात येतात, कापसाचे त्यानंतर, आणि शुल्क भरायची वेळ नेमकी या दोहोंच्या मध्ये. शुल्क जमा होईपर्यंत जागा पक्की नसते. रद्द केल्यास किती परत मिळतं तो परिच्छेद भरण्याआधी वाचा.

आदिवासी मुलांसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लिअस बजेट योजनेतून मदतीचा विनंती अर्ज करता येतो. धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड, चिमूर, जिथलं तिथे. सोबत जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि संस्थेचं निवडपत्र लागेल. मंजुरी हमखास नाही, पण अर्जच न केलेल्याला तर काहीच मिळत नाही. रेल्वेत स्काउटना पूर्वी मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. विद्यार्थ्यांची सवलत मात्र चालू आहे, तिच्यासाठी स्टेशनवर विहित नमुना मागून मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या.

कपड्यांवर उगाच खर्च नको. नागपूर-अमरावतीला हिवाळ्यात तिबेटी लोकांचे स्वेटर-जॅकेटचे बाजार लागतात, तिथे भागतं. कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण बर्फात सुती कपडा अंगाला लागून नको. घामाने भिजला की वाळत नाही आणि गारठा अंगात शिरतो. लोकर किंवा सिंथेटिक घ्या. पाणी न शिरणारे हातमोजे आणि चांगला काळा चष्मा यांत मात्र कंजुषी नको, बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं.

तिथे काय शिकवतात

पहिले काही तास पडायचं आणि उठायचं शिकण्यात जातात. मग पट्ट्यांची टोकं जवळ, शेपट्या लांब करून नांगरासारखा कोन धरायचा, त्याने वेग आवरतो आणि थांबता येतं. त्यातूनच वळणं येतात. चढायचं असेल तर आडवं उभं राहून पायरी-पायरीने, किंवा टोकं बाहेर वळवून. क्रॉस कंट्रीत उजवा पाय-डावा हात अशी चालण्यासारखी लांब घसर आणि दोन्ही काठ्या एकदम रोवून पुढे झेपावणं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यांतला एक मुलाला इथूनच पाठ करून पाठवा: मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट धरायची, जबाबदारी मागच्याची.

घरी तयारी म्हणून भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं, उठाबशा आणि कॅनॉलच्या पाळूवर चढ-उतार पुरे.

जाणं आणि परतणं

नागपूरहून कटऱ्याला थेट गाड्या आहेत. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. गुलमर्ग श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटर, शेवटचा चढ टंगमर्गनंतर. बर्फात साखळी लावलेलीच गाडी वर जाते, तेव्हा पोहोचायची तारीख कोर्सच्या आदल्या दिवसाची धरा. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. सोबतच्या मोठ्या माणसाकडे पोस्टपेड हवं, आणि तो नंबर आईकडे लिहून ठेवा.

परत आल्यावर प्रमाणपत्राला लॅमिनेशन मारू नका. मूळ प्रत तशीच ठेवा, झेरॉक्सवर मुख्याध्यापकांची साक्षांकित सही घ्या, एक प्रत युनिटच्या नोंदवहीत लावा आणि एक जिल्हा कार्यालयात देऊन पोच घ्या. पुढच्या वर्षी इंटरमिजिएटचा फॉर्म भरताना पहिल्यांदा तीच मागतात.