पार्श्वभूमी : शुभार्थींसाठी स्वयंसेवी सोबत

‘आमच्यानंतर याचं कसं होणार?’ स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या स्वमदत गटांत आई-वडील हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारतात. त्याचं उत्तर बहुधा घर, पैसा आणि पालकत्व यांच्याच भाषेत शोधलं जातं. औषधं वेळेवर आहेत, भास आटोक्यात आहेत, पण आई-वडील सोडून बोलायला कुणी नाही, अशी अनेक शुभार्थींची, म्हणजे हा आजार असलेल्यांची, अवस्था असते. आठवड्यातून एकदा येणारा, सोबत चहा घेणारा, फिरायला नेणारा, नात्यातला नसलेला आणि पगार न घेणारा माणूस ही कल्पना अशाच घरांसाठी आहे.

इंग्रजीत या कामाला ‘बिफ्रेंडिंग’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. १९५३ मध्ये लंडनमध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिथल्या स्वयंसेवकांच्या शांतपणे ऐकून घेण्याला हे नाव चिकटलं. चेन्नईत १९८६ मध्ये त्याच वळणाचं काम उभं राहिलं. त्यामुळे आपल्याकडे हा शब्द कानावर पडला की हेल्पलाइन आठवते : अनोळखी आवाज, संकटाची घडी, एक फोन. शुभार्थीला हवी असलेली सोबत याच्या अगदी उलट आहे. ती ओळखीच्या चेहऱ्याची असते, संकट नसतानाही मिळते आणि महिनोन्महिने टिकते.

मराठीतही पेच आहेच. ‘पेशंट’ टाळून आपण ‘शुभार्थी’ म्हणू लागलो, काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’. ही जोडी छान रुजली. पण शुभंकर जवळजवळ नेहमी नातेवाईकच असतो. मग हा येऊन-जाऊन असणारा तिऱ्हाईत कोण? त्याला शुभंकर म्हटलं की गोळ्या घेतल्या का, झोप झाली का, हे विचारणं त्याच्या गळ्यात पडतं आणि शुभार्थीवर लक्ष ठेवणारं आणखी एक माणूस वाढतं. ‘कार्यकर्ता’ म्हटलं तर समोरचा आपोआप ‘लाभार्थी’ होतो. ‘मित्र’ म्हणावं, तर मैत्री नेमून देता येते का, असा रास्त प्रश्न येतो. मला ‘सोबती’ जवळचा वाटतो. त्यात ना अधिकार आहे, ना उपकार.

या सोबतीची मुळं मनोरुग्णालयांतच आहेत. १९५४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका रुग्णालयात विद्यापीठातले विद्यार्थी स्वेच्छेने रुग्णांना भेटायला जाऊ लागले. १९६१ मध्ये ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी १५ वर्षांत मनोरुग्णालयांतल्या निम्म्या खाटा कमी करण्याचा मनोदय जाहीर केला. माणसं बाहेर येणार होती, पण बाहेर त्यांची वाट कोण पाहत होतं? न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९७३ मध्ये एकास एक जोड्या लावण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचं पहिलं नाव ‘रुग्ण दत्तक घ्या’ अशा अर्थाचं होतं. सुदैवाने ते बदललं.

या कल्पनेचं सर्वांत मोठं नुकसान झालं ते एका संशोधनाच्या मांडणीत. २००० मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. औषधांनी न हटणारी लक्षणं असलेले ९० जण त्यात होते. निम्म्यांना विचार-वर्तन उपचारपद्धती (सीबीटी, म्हणजे संवादातून विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार) दिली गेली, बाकीच्यांना तुलनेपुरतं ‘बिफ्रेंडिंग’. म्हणजे छंद, खेळ, बातम्या यांवर गप्पा मारायच्या, लक्षणांना हात लावायचा नाही. गप्पा मारणारे स्वयंसेवक नव्हते, अनुभवी परिचारक होते. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सुधारले. भेटी थांबल्या आणि पुढच्या नऊ महिन्यांत फक्त उपचाराच्या गटाची सुधारणा चालू राहिली. तेव्हापासून सोबतीकडे लुटुपुटीचं औषध म्हणून पाहिलं जाऊ लागलं. येणारं माणूस यायचं थांबलं, त्यानंतर सोबतीचा गुण टिकला नाही, हा सोबतीचा दोष कसा?

पूर्व लंडनमध्ये खऱ्या स्वयंसेवकांसह वर्षभराची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. १२४ जणांपैकी ६३ जणांना सोबती द्यायचा होता. त्यातले ४९ एकदा तरी भेटले आणि ३१ जणांच्या १२ किंवा अधिक भेटी झाल्या. मुख्य मोजमाप ठरलं होतं ते दिवसाचा किती वेळ कामांत, उपक्रमांत जातो हे. त्यात फरक पडला नाही, लक्षणांतही नाही. माणसांशी संपर्क मात्र वाढला आणि वर्ष संपल्यावर आणखी सहा महिन्यांनंतरही तो फरक टिकला. ज्याच्यासाठी सोबत द्यायची, तेच दुय्यम मोजमापांत होतं. मला ही निवड चुकीची वाटते.

आपल्याकडचा पुरावा वेगळ्या वाटेने आला. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथे २८२ शुभार्थींसह झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जात होते. २०१४ मध्ये आलेल्या निकालांत फायदा माफक, पण खरा होता. हे कार्यकर्ते नेमलेले होते, स्वयंसेवक नव्हते. तरी डॉक्टर नसलेलं, गावातलंच माणूस दारात येणं इथे शक्य आहे, हे साताऱ्याने दाखवलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १९ ने समाजात राहण्याचा हक्क दिला. कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइनही आली. तिथे फोन शुभार्थीला किंवा घरच्यांना करावा लागतो. ज्याने कित्येक महिन्यांत कुणालाच फोन केलेला नाही, त्याच्या दारावर जाऊन थाप मारण्याचं काम अजून स्वमदत गटांतली मोजकी माणसं सवडीनुसार करतात.