डोंगर वहीत किती उंच काढायचा?

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीकाठापासून शिळफाट्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ मारा आणि त्या रेघेवर जमीन सुरीने कापली असे समजा. दिसेल ते छेदचित्र. पारसिकचा डोंगर मध्ये येतो, म्हणून सरावाला ही रेघ चांगली. अंतर 6 किलोमीटर धरले, तर 1:50,000 च्या नकाशावर ती 12 सेंटीमीटर भरते. डोंगराची उंची हिशेबाच्या सोयीसाठी 200 मीटर धरू. आता तेच प्रमाण उंचीलाही लावले, तर डोंगर येतो फक्त 4 मिलिमीटरचा! मुले बिचकतात, खोडतात आणि मनाला पटेल एवढा उंच डोंगर काढून मोकळी होतात. गुण जातात ते इथे.

आधी कृती. कोऱ्या कागदाच्या पट्टीची सरळ कडा रेघेला लावा. दोन्ही टोके आधी टिपा. पट्टी मधेच सरकली तर ती परत जागेवर आणायला हाच आधार. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, जिथे जिथे कडेला छेदते, तिथे बारीक खूण करून तिची उंची लगेच लिहा. खुणा आधी आणि आकडे नंतर, असे केले की चुकलेच. उतार तीव्र असला की रेषा एकमेकींना खेटतात. अशा वेळी आधी फक्त जाड रेषा टिपा. लागोपाठच्या रेषांच्या उंचीत 20 मीटरचा फरक असलेल्या नकाशात प्रत्येक पाचवी रेषा जाड असते, म्हणजे 100, 200 अशी. मग पट्टी आलेख कागदाच्या तळरेषेला लावून खुणा उतरवा, प्रत्येक खुणेच्या वर तिच्या उंचीला टिंब द्या आणि टिंबे हाताने, गोलाईने जोडा. फूटपट्टीने जोडले तर डोंगर करवतीसारखा दिसतो.

माथ्यापाशी हमखास घोटाळा होतो. 180 ची खूण दोनदा लागोपाठ आली, की मुले वर सपाट पठार काढतात. खरे तर त्या दोन खुणांमध्ये जमीन 180 च्या वर गेलेली असते, फक्त 200 ला पोचलेली नसते. तेव्हा रेघ थोडी फुगवायची, 200 च्या खाली ठेवायची. दरीत याच्या उलट.

आता मुख्य गोष्ट, उभ्या प्रमाणाची. डोंगर दिसावा म्हणून उंची मुद्दाम ताणतात. आडवे 1 सेंटीमीटरला 500 मीटर आणि उभे 1 सेंटीमीटरला 100 मीटर घेतले, तर 500 ला 100 ने भागून येतात 5. डोंगर पाचपट ताणला गेला आणि 2 सेंटीमीटर उंच झाला. इथवर सगळ्यांना कळते. पण उताराचा कोनही पाचपट होतो का?

नाही. 1 किलोमीटर चालताना 200 मीटर चढणारा उतार साधारण 11 अंशांचा. उंची पाचपट केली, की कागदावर 1000 ला 1000 होतात, म्हणजे नेमके 45 अंश. दहापट केली, तर 1000 ला 2000, म्हणजे सुमारे 63 अंश, 110 नव्हे. पट लागते ती चढ भागिले अंतर या गुणोत्तराला, म्हणजे दहावीच्या भूमितीतल्या टॅनला. कोन मागून ओढला जातो आणि 90 कडे सरकताना त्याची वाढ मंदावते. म्हणून ताणलेल्या चित्रात आधीच तीव्र असलेले उतार एकमेकांसारखे दिसू लागतात: खऱ्या 45 अंशांचा दहापटीत 84 होतो, 60 चा जवळजवळ 87. खरा फरक 15 अंशांचा, चित्रातला 3 चाही नाही. छेदचित्रावर कोनमापक ठेवून उतार सांगणे म्हणूनच चूक. तो आडवे अंतर आणि उंची यांवरूनच काढायचा. आपल्याकडच्या डोंगरांना तीन ते पाच पट पुरते.

त्याच चित्रात खाडीपासून पायथ्यापर्यंत काहीच घडत नाही, कारण 20 च्या खाली रेषाच नाही. जमीन तिथे सपाट आहे असे यावरून ठरत नाही. तिचा चढउतार एवढ्या ढोबळ रेषांत मावत नाही, इतकेच. दर पावसाळ्यात व्हॉट्सअॅपवर नवी मुंबई बुडवणारे लाल-निळे नकाशे फिरतात, त्यांतले पुष्कळसे याच रिकाम्या पट्ट्यावर रंग फासलेले. सोबत बातमीतला आकडा असतो: 4.8 मीटरची भरती! म्हणजे 5 मीटरच्या खालचे सगळे पाण्यात? भरतीचा तो आकडा नौकानयनाच्या नकाशातल्या शून्यापासून, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून मोजतात. जमिनीच्या नकाशाचे शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. म्हणजे ती भरती जमिनीच्या हिशेबाने 2.3 मीटरची. नवी मुंबईत पाणी तुंबते ते खरेच, पण त्यात पावसाचा वाटा मोठा: भरतीच्या वेळी धारण तलावांची, म्हणजे पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांची, खाडीकडची झडपदारे मिटतात आणि शहरात पडलेले पाणी ओहोटीची वाट पाहत आत थांबते.

परत वहीकडे. तळरेषेला 2एच पेन्सिल, जमिनीच्या रेघेला एचबी. तळरेषा शून्यापासून सुरू करा, दोन्ही टोकांना ठिकाणांची नावे आणि दिशा लिहा. डोंगर, रस्ता, खाडी यांची नावे आडवी लिहा, उतारावर तिरकी नकोत. आणि खाली एका ओळीत: आडवे प्रमाण 1 सेंमी = 500 मी, उभे प्रमाण 1 सेंमी = 100 मी, उंची पाचपट.