कल्हईचा छर्रा

पावसाळाभर कपाटात राहिलेला एअरगनच्या शिशाच्या छर्र्यांचा डबा परवा उघडला, तर आतले छर्रे पिठात घोळल्यासारखे पांढरे झालेले. भाची शेजारीच बसली होती. भुकटी फुंकून टाकायला तिने डबा तोंडाजवळ नेला, तसा मी तो ओढून घेतला आणि झाकण लावले.

"काय झालं मामा? धूळ तर आहे."

धूळ नव्हती ती. ओलसर हवेत, त्यातही लाकडी कपाटात, शिशाचा वरचा थर हळूहळू कार्बोनेटमध्ये बदलतो. जुने रंगारी ज्याला सफेता म्हणत आणि दारे-खिडक्यांना फासत, त्याच जातीची ही भुकटी. घट्ट शिशापेक्षा ती पोटातल्या आम्लात कितीतरी सहज विरघळते.

कोल्हापुरात घरात छर्रे सापडणे यात नवल काही नाही. इथल्याच नेमबाज तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे पडून रायफल चालवायचा प्रकार) जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्य घेऊन आला. पोरे रेंजवर जातात ती हे बघून. पण पहिली बंदूक हातात येते ती बहुधा जत्रेत, फुग्यांच्या पाटासमोर. तिथला फुगेवाला चार छर्रे ओठांत धरून एकेक काढून देतो, हे दृश्य माझ्या पिढीने तरी डोळे मिटून सांगावे.

ओठांत धरू नये ते नेमके हेच. शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. आत आलेले शिसे ते कॅल्शियमबरोबर हाडांत साठवते आणि तिथे ते वर्षानुवर्षे मुक्काम करते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाचपट हिस्सा मुलांचे शरीर शोषून घेते, आणि त्याचा मार त्यांच्या वाढत्या मेंदूवर बसतो. रक्तात शिसे अमुक इतके असले तर चालते, अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. देशभरातून शिशाचे पेट्रोल २००० साली गेले ते उगाच नव्हे. (शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते, ग्रॅफाइट असते. भाची ती चावते; चावू दे.)

एअरगनमध्ये दारू नाही, ती पेटवणारी टोपी नाही, त्यामुळे जळलेल्या शिशाचा धूर नाही. इथला रस्ता हाताकडून तोंडाकडे जातो. छर्रे हाताळलेल्या बोटांनी वडापाव खाल्ला की झाले काम. दुसरी जागा लक्ष्याच्या मागची: छर्रे लोखंडी पत्र्यावर आपटून जिथे त्यांचा चुरा होतो. ती जागा कोरड्या केरसुणीने झाडणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, बाबा, ओले फडके घे.

मग शिशाऐवजी काय? शिसेविरहित म्हणून मिळणारे बरेचसे छर्रे कथलाचे किंवा कथलाच्या मिश्रधातूचे असतात, काही जस्ताचे. कथील म्हणजे आपल्या पितळी पातेल्यांना लावतात ती कल्हई. आयुर्वेदाने शिशाला नाग म्हटले आणि कथलाला वंग. दोघे एकाच कपाटात राहिले तरी स्वभाव वेगळे. ज्यात आंबट आमटी उकळायची त्या भांड्याला आजीने कल्हई लावून घेतली, म्हणजे विषाचा प्रश्न बराचसा मिटला. बंदुकीचा मिटला का? तिथे गंमत आहे.

स्प्रिंगची एअरगन म्हणजे स्प्रिंगने चालवलेला सायकलचा पंप. नळी बिजागरीवर खाली वाकवून आपण स्प्रिंग दाबतो. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्याच्या तोंडावर पंपासारखाच वायसर असतो, जुन्या बंदुकीत चामड्याचा, नव्या बंदुकीत प्लास्टिकचा. समोरची हवा चेपली जाते, चेपताना तापते (पंपाचे बूड हाताला चटका देते ते याचमुळे) आणि बारीक भोकातून छर्र्याच्या पाठीवर येऊन धडकते. सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो. सिलिंडरच्या बंदुकीत दाबाची हवा आधीच तयार असते. स्प्रिंगच्या बंदुकीत ती त्या क्षणी तयार होते, आणि ती किती चेपली जाईल हे ठरवण्यात छर्र्याचाही हात असतो. छर्रा म्हणजे त्या पंपाचे बूच. बूच अडून बसले तर दाब चढतो. लवकर सुटले तर हवा निसटते आणि दट्ट्या पुढच्या भिंतीवर जोरात आदळतो, कारण त्याला थोपवणारी हवेची गादीच पुरेशी उरत नाही. रिकामी बंदूक उडवू नये म्हणतात ते याच्याच भीतीने. उलट छर्रा फार जड असला तर दट्ट्या त्या गादीवरून चेंडूसारखा मागे उसळतो. म्हणून मी छर्र्याला बंदुकीचा सुटा भागच मानतो. तो बदलला की यंत्र बदलले.

आता धातूंकडे बघू. एक घनसेंटिमीटर शिसे ११.३ ग्रॅम भरते, कथील ७.३ ग्रॅम. म्हणजे ०.५३ ग्रॅमचा शिशाचा छर्रा हुबेहूब त्याच आकारात कथलाचा केला तर ०.३४ ग्रॅमचा होईल. शिशाचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने निघत असेल, तर त्याची ऊर्जा साडेदहा ज्यूलच्या आसपास. (आपल्याकडे परवान्याशिवाय चालते ती ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअरगन. तीही लक्ष्यावर रोखायची, पाखरांवर नव्हे.) तेवढीच ऊर्जा हलक्या छर्र्याला मिळाली तर त्याचा वेग २५० मीटर होतो. प्रत्यक्षात स्प्रिंग हलक्या छर्र्याला थोडी कमीच ऊर्जा देते, पण हिशेबाला हे पुरे. १० मीटरवर पोचेपर्यंत शिशाचा छर्रा साधारण १२ मिलिमीटर खाली येतो, कथलाचा ८. फरक जवळजवळ एका छर्र्याच्या जाडीचा. आणि १० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! वरून बंदुकीचा धक्का वेगळाच: दट्ट्या पुढे धावताना बंदूक मागे येते, तो थांबताना पुढे झटका खाते, आणि छर्रा अजून नळीत असतानाच हे नाटक सुरू झालेले असते. तो कोणत्या क्षणी नळीबाहेर पडतो, यावर नळीचे तोंड तेव्हा कुठे होते हे अवलंबून. त्यामुळे छर्रा बदलला की नेम धरायची माशी पुन्हा जुळवणे आले.

काही डब्यांवर 'सेकंदाला १,२०० फूट' असे मोठ्या तोऱ्यात छापलेले असते. तो आकडा असल्याच हलक्या छर्र्यांच्या जिवावरचा. १,२०० फूट म्हणजे ३६६ मीटर, आवाजाच्या वेगाच्याही पुढे. मधे बारीक कमरेचा हा छर्रा त्या वेगाच्या आसपास डगमगायला लागतो. वेग विकत मिळतो, नेम मिळत नाही. शिवाय आकार तोच आणि वजन कमी, म्हणून त्याच वेगाला हवेत तो दीडपट झपाट्याने मंदावतो. १० मीटरवर हे जाणवत नाही; ३० मीटरवर, वाऱ्यात, चांगलेच जाणवते.

वजनापेक्षा मला जास्त त्रास दिला तो ताठपणाने. छर्र्याचा मागचा भाग घागऱ्याच्या घेरासारखा पोकळ असतो. हवेच्या दाबाने तो फुलतो आणि नळीतल्या पीळदार आट्यांना चिकटतो. शिसे इथे फार समजूतदार: दाबाल तसे वाकते. कथील वाकवायला शिशाच्या तिपटीएवढे ताठ, मिश्रधातू आणखी कडक. नळी जरा सैल असली की घेर नीट फुलत नाही आणि हवा कडेने निसटते. घट्ट असली की छर्रा बसवताना अंगठ्याची कातडी सोलते.

गावाकडच्या बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये १० मीटर मोजून मी आणि भाचीने हे करून पाहिले. बंदूक जुनी, स्प्रिंगची. मागे रद्दीच्या गठ्ठ्यांनी भरलेली लाकडी पेटी, डोळ्यांना चष्मे. शिशाचे पाच छर्रे जुन्या रुपयाखाली झाकले गेले. कथलाचे पाच वर गेले आणि वाटीच्या तोंडाएवढे पसरले. आवाजही वेगळा, ठक्‌ असा कोरडा, दट्ट्या आपटल्याचा. मग कथलाच्याच छर्र्यांचा दुसरा डबा काढला. छर्र्यांच्या डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ मिलिमीटर असे वेगवेगळे मिळते. ४.५१ चे छर्रे आमच्या नळीत जरा अडून बसले, आणि ठक्‌ मऊ झाले. हलकेपणाने जे गमावले होते, त्यातले काही घट्टपणाने भरून दिले. तरी पहिले वीस-पंचवीस छर्रे वाया गेले, कारण नळीत जुन्या शिशाचा लेप होता. तो निघाल्यावर ठिपके जवळ येऊ लागले. संध्याकाळपर्यंत रुपया नाही, पण कांदाभजी झाकेल इतपत.

एक छर्रा पेटीच्या लोखंडी पट्टीवर बसला आणि परतून कोपऱ्यातल्या काहिलीवर टण्णकन वाजला. शिशाचा छर्रा तिथे भाकरीसारखा चपटा होऊन पडला असता. कडक धातू उसळतो, म्हणून शिशासाठी केलेला अडसर याला पुरेलच असे नाही.

किमतीचे म्हणाल तर कथील धातूच शिशाच्या दहापटीहून महाग. स्पर्धेचा नियम शिसे 'किंवा तत्सम मऊ पदार्थ' असे म्हणतो, म्हणजे कथलाला दार उघडे आहे, पण वरच्या पातळीवरचे नेमबाज अजून शिसेच वापरतात आणि मला ते पटते. त्यांच्या बंदुकीही आता सिलिंडरच्या. माझे म्हणणे घरच्या सरावापुरते आणि लहान मुलांच्या वर्गांपुरते आहे. तिथे वाटीएवढे ठिपके मला चालतात.

पेटीतल्या रद्दीतून निघालेले छर्रे मी डब्यात भरून ठेवले होते. गल्लीत वर्षाकाठी येणारे कल्हईवाले चाचा आले, तेव्हा म्हटले, कथील आहे, घ्या. ते आपली कांडी कानाजवळ धरून वाकवतात. चांगले कथील वाकताना बारीक करकरते, आतल्या स्फटिकांची ठेवण पालटल्याचा तो आवाज. माझा छर्रा त्यासाठी फारच लहान. त्यांनी मूठभर छर्रे पळीत घेतले आणि भात्याच्या आचेवर धरले. काही पटकन वितळले, काही तसेच तळाशी पडून राहिले. कथील २३२ अंशांना वितळते, शिशाला ३२७ लागतात.

"ह्यात शिसं मिसळलंय नव्हं?" चाचांनी पळी बाजूला ओतली. "मी न्हाई लावायचा हे पातेल्याला."