शेवटच्या सुरातली खुर्ची

बीटल्स या इंग्लिश बँडच्या एका गाण्यात खुर्ची वाजते. ‘अ डे इन द लाइफ’ हे ते गाणं. १९६७ सालचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम याच गाण्यानं संपतो. कॉलेजात असताना मी ते कॅसेटवर किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही, पण खुर्ची कधी कानावर आली नाही. कॅसेटच्या फितीची स्वतःची सरसर त्याहून मोठी होती. पुढे चांगले हेडफोन मिळाले आणि एका रात्री, गाणं जवळजवळ संपलेलं असताना, ती ‘कुर्र’ ऐकू आली.

ती तिथे कशी आली, हे कळायला आधी पियानोच्या पोटात डोकवावं लागेल.

२२ फेब्रुवारी १९६७ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत तीन पियानोंवर एकाच क्षणी, पूर्ण जोरानं, ई मेजर कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरांचा गट, वाजवली गेली. पेडल दाबून धरलं, म्हणजे तारांवरचे दाबपट्टे उचललेले राहिले आणि तारा मोकळ्या झाल्या. त्यावर आणखी थर चढवले, त्यात निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा हार्मोनिअमही होता. ही कॉर्ड चाळीस सेकंदांहून जास्त वेळ ऐकू येत राहते. पेटीला भात्यातून सतत हवा मिळते, म्हणून हवा आहे तोवर तिचा सूर टिकतो. पियानोच्या तारेला मात्र हातोडीचा एकच ठोका मिळतो. मग तिचा आवाज इतका लांबतो कसा?

पियानोच्या बहुतेक स्वरांना एक नाही, तीन तारा असतात. त्या एकाच घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवरून, जातात आणि घोडी मोठ्या लाकडी फळीला हलवते. खरा आवाज त्या फळीचा. ठोका बसताच तिन्ही तारा एकत्र वर, एकत्र खाली होतात. घोडीवरचा जोर तिप्पट होतो. पण बाहेर पडणारी शक्ती जोराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे एका तारेच्या नऊपट. साठवलेली ऊर्जा मात्र तिप्पटच. तिप्पट शिल्लक आणि नऊपट खर्च, म्हणून एकटी तार जितक्या वेगानं रिती झाली असती त्याच्या तिप्पट वेगानं या तिघी रित्या होतात. सुरुवातीचा दणका यामुळेच इतका मोठा असतो आणि इतका लवकर उतरतो.

आता खरी गंमत. तिन्ही तारा अगदी तंतोतंत एका सुरात नसतात, केसभर फरक राहतोच. त्यामुळे त्यांची चाल हळूहळू सुटत जाते. एकत्र हलणारा भाग फळीनं केव्हाच खाऊन टाकलेला असतो. उरतो तो एकमेकींविरुद्ध हलणारा भाग. एक तार घोडीला वर ढकलते, दुसरी खाली ओढते, घोडी जवळजवळ स्थिर. ऊर्जेला बाहेर पडायला दारच नाही! ती तारांमध्येच अडकते आणि थेंबाथेंबानं झिरपते. म्हणून पियानोचा सूर आधी झपकन पडतो आणि मग एक मंद शेपूट रेंगाळत राहते. गॅब्रिएल वाइनराइश या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ साली हे नीट उलगडून दाखवलं. पियानो लावणारा कसबी माणूस या केसभर फरकाशी खेळूनच सुराची शेपूट घडवतो. मला हे फार सुंदर वाटतं.

ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी नेमकी ती शेपूट पकडली. आवाज जसजसा उतरला तसतसे त्यांनी मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे सरकते दांडे, वर सरकवले. सूर ठरावीक वेळात निम्मा होत असेल आणि तुम्ही तेवढ्याच वेळात आवाज दुप्पट करत गेलात, तर कानाला तो टिकून राहिल्यासारखा वाटतो. पण फेडरला सूर कुठला आणि खोली कुठली हे कळत नाही. सूर उतरतोय, खोलीतले बारीकसारीक आवाज मात्र आहेत तिथेच आहेत, आणि दोघांनाही सारखंच गुणलं जातंय. ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलणारा गप्प झाला की त्याचा पंखा एकदम घोंघावू लागतो ना, तसंच. शेवटी कागदाची सळसळ, खुर्चीची कुरकुर वर आली.

याच बीटल्सच्या तबकड्या उलट्या फिरवून लोकांनी १९६९मध्ये त्यांच्यातले पॉल मॅकार्टनी मेल्याचे ‘गुप्त संदेश’ शोधले होते. पॉल धडधाकट होते. तसले संदेश आजही फॉरवर्ड होऊन माझ्यापर्यंत येतात. उलटी गाणी ऐकवण्याआधी शब्द सांगितले की ते ऐकू येतात, न सांगता ऐकवा, नुसती बडबड उरते. अर्थहीन आवाजात ओळखीचं काही शोधणं हा मेंदूचा स्वभाव आहे. खुर्चीची गोष्ट वेगळी. कुणी न सांगताही ती मला ऐकू आली होती.

काल रात्री पंखा बंद करून मुलीच्या कानावर हेडफोन चढवले. आधी काही सांगितलं नाही. कॉर्ड वाजली, उतरत गेली, ती डोळे मिटून बसली. मग अचानक तिनं एका कानावरचा हेडफोन उचलला आणि विचारलं, “बाबा, तुम्ही हललात का?”