कंपनरोधक माउंटची निवड: उष्णता जास्त आणि जागा कमी असताना

मशीन आणि तिच्या खालची बेसफ्रेम किंवा जमीन यांच्यामध्ये बसवलेला लवचिक आधार म्हणजे कंपनरोधक माउंट, वर्कशॉपमध्ये याला एव्हीएम किंवा नुसतं पॅड म्हणतात. निवड बहुतेकदा वजन आणि बोल्टची साइज बघून होते आणि मोकळ्या, थंड जागेत ते चालूनही जातं, पण बंद गरम पेटीत नाही चालत, तिथे आधी तापमान आणि जागा मोजायची आणि मगच कॅटलॉग उघडायचा.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण म्हणजे सोसायटीच्या आवारातला कॅनॉपीवाला, म्हणजे आवाज कोंडणाऱ्या पत्र्याच्या पेटीत बसवलेला डिझेल जनरेटर. भारतात १००० केव्हीएपर्यंतच्या अशा जनरेटरला १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे इंजिन, अल्टरनेटर, रेडिएटर सगळं एका बंद खोक्यात कोंबलेलं असतं आणि विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात तेव्हा आत किती होत असेल बघा.

आता हिशेब. १५०० आरपीएम म्हणजे २५ हर्ट्झ. माउंटवर बसलेल्या मशीनची स्वतःची फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकदा धक्का दिला तर ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप हलेल तो आकडा, याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ८ हर्ट्झच्या आसपास हवी. ढोबळ सूत्र असं की मशीनच्या वजनाने माउंट जितके मिलिमीटर दबतं त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागायचं, म्हणजे ४ मिमी दबलं तर ७.९ हर्ट्झ, आणि मग २५ हर्ट्झचं जवळपास ९० टक्के कंपन अडतं. पण हे आकडे स्थिर वजनाचे आहेत, हलताना रबर जास्त कडक वागतं. समजा १.४ पट कडक झालं तर फ्रिक्वेन्सी ९.३ वर जाते, आणि चार स्ट्रोक इंजिनाचं अर्ध्या वेगाचं १२.५ हर्ट्झचं कंपन, जे आधी थोडंतरी कमी होत होतं, ते आता उलट वाढून खाली जातं. अडवणूक सुरू होते ती स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या १.४१ पटीच्या वरच, हे कायम लक्षात ठेवा.

इथेच जागा आडवी येते. रबर दाबात ठेवायचं तर १० ते १५ टक्क्यांच्या वर कायम दाबू नये, म्हणजे ४ मिमीसाठी रबरच ३०-४० मिमी उंच लागतं. उंची नाही म्हणून पातळ पॅड टाकलं की फसलं, कारण खोडरबर दाबला की तो कडेने फुगतो तसंच याचं, आणि वरखाली प्लेट चिकटवलेल्या पातळ रबराला फुगायला जागाच नसते, ते दगडासारखं कडक होतं. त्यापेक्षा रबर शिअरमध्ये, म्हणजे दबण्याऐवजी थर एकमेकांवर सरकतील असं, किंवा तिरकं वापरायचं, कमी उंचीत जास्त हालचाल मिळते. वजन फार आणि जागा अगदीच कमी असेल तर डिस्क स्प्रिंग, म्हणजे बशीसारख्या खोलगट पोलादी चकत्या, एकावर एक उलटसुलट रचल्या की दबणं वाढतं, एकाच दिशेने रचल्या की भार वाढतो.

तापमान माउंटपाशी मोजायचं, खोलीचं नाही, टर्बो किंवा एक्झॉस्टच्या बाजूचं माउंट पलीकडच्यापेक्षा बरंच गरम असतं. नैसर्गिक रबर थकव्याला सगळ्यात चांगलं पण कायमचं ७०-८० अंशांच्या वर ते नको, शिवाय तेल आणि ओझोन त्याला सोसत नाही. निओप्रीन आणि नायट्राइल ही कृत्रिम रबरं साधारण १०० पर्यंत, तेलाला नायट्राइल बरं. ईपीडीएम हे आणखी एक कृत्रिम रबर त्याहून वर जातं पण डिझेल-ऑइल लागलं की फुगतं. सिलिकॉन २०० अंशांपर्यंत मऊपणा टिकवतं पण फाटायला कमजोर आणि महाग. दर १० अंशांना रबराचं म्हातारपण साधारण दुप्पट वेगाने येतं असा ढोबळ नियम आहे, म्हणून मला वाटतं महागडं रबर घेण्याआधी मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावून बघावी, कितीतरी वेळा तेवढ्यानेच भागतं.

थंडीचं वेगळंच. लडाखसारख्या ठिकाणी बरेच दिवस बंद उभ्या मशीनमधलं नैसर्गिक रबर उणे २५ अंशांच्या आसपास हळूहळू स्फटिकासारखं घट्ट होतं, गरम झालं की परत मऊ होतं, पण सुरुवातीला झटके बसतातच. निओप्रीनला हे त्याहून कमी थंडीत होतं.

रबर टिकणारच नाही तिथे स्टेनलेस वायर रोप माउंट किंवा विणलेल्या तारेची गादी. वायर रोप २५० अंशांच्या आसपासही काम करतं, तारा एकमेकींवर घासून डॅम्पिंग मिळतं, म्हणजे हलणं लवकर शांत होतं, मात्र कंपन फार बारीक असेल तर तारा सरकतच नाहीत आणि ते कडक राहतं. त्याला डोलायला बाजूलाही जागा लागते. साध्या स्टील स्प्रिंगला डॅम्पिंग जवळपास नाही, उंच पट्टीचा आवाज कॉइलमधून खाली उतरतो म्हणून तिच्याखाली रबर पॅड देतात, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत कोटिंग नसेल तर ती गंजणारच.

शेवटी मोकळी जागा. सुरू आणि बंद होताना मशीन स्वतःच्या फ्रिक्वेन्सीतून जाते तेव्हा सगळ्यात जास्त हलते, त्यावेळी कॅनॉपीला टेकता कामा नये. एक्झॉस्टला बेलोज (भात्यासारखा लवचिक धातूचा तुकडा), डिझेल लाइनला लवचिक होज, केबलला सैल वळसा, यातलं एक जरी कडक राहिलं तरी कंपन त्या वाटेने पुढे जातं आणि माउंट कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. बदलताना सगळी एकदमच बदलायची, जुन्या दबलेल्या माउंटमध्ये एक नवं उंच टाकलं की भार त्याच्यावरच जातो.